थंडीआधी बागेत थर्मामीटर टांगा, पण कोणता ते बघून

भाऊ, दिवाळी सरली की जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात रात्रीचा पारा उतरायला लागतो आणि कांदेबागेला, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीला, थंडीचा चरका बसायची धास्ती सुरू होते, पण आपण बघतो काय तर मोबाईल. मोबाईलवरचा आकडा अख्ख्या भागाचा अंदाज असतो, तुमच्या नाल्याकाठच्या खोलगट वावरातला नाही, गार हवा जड असते ती तिथंच साचते.

घ्यायचा तर कमाल-किमान दोन्ही लक्षात ठेवणारा घ्या. सगळ्यात कमी तापमान पहाटे सूर्य उगवायच्या जरा आधी असतं, तेव्हा गोधडी सोडून कोण जातं वावरात! डिजिटल घेतला तर वायरवाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, असलेला बघा, म्हणजे प्रोब बागेत आणि डिस्प्ले शेडमध्ये. डिस्प्ले उन्हात ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशात एलसीडी काळी पडते, काही दिसत नाही. काचेचा घेणार असाल तर पाऱ्याचा नको, फुटला की पारा विषारी, लाल स्पिरिटवाला बरा. आणि ती बंदुकीसारखी गन मिळते ना, ती पानाचं नाहीतर मातीचं वरचं तापमान सांगते, हवेचं नाही, त्यामुळं या कामाला पैसे घालवू नका.

टांगायची जागा तर मशीनपेक्षा महत्त्वाची. मी पहिल्या वर्षी घराच्या भिंतीला लावला, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, आकडा बघून मी निवांत झोपलो अन् तिकडं पानं पिवळी पडायला लागली. आता बागेतच, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, वरून पांढरं छप्पर अन् बाजूनं वारा खेळेल असा टांगतो.

नवीन आणला की आधी तपासा, बर्फाचा चुरा, थोडं पाणी, ढवळून प्रोब मधोमध धरा, बुडाला टेकू देऊ नका, पाच मिनिटांनी शून्य दिसायला पाहिजे. एक अंश जास्त दाखवला तर मागं चिठ्ठी चिकटवा आणि तेवढा वजा धरा.

पीक विम्याला मात्र हा आकडा चालत नाही हं, तिथं महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचीच नोंद धरतात. आपला आहे तो रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडायचं का, बांधावर धूर करायचा का, एवढं ठरवायला. सकाळी आकडा वहीत लिहिला की रिसेट दाबायला विसरू नका, नाहीतर आठवडाभर तोच जुना आकडा बघत बसाल.