संगीताचं सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यावर गंधार लावून बघा

गेल्या आषाढीच्या आधीची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थ्याचा भूपातला अभंग घरीच रेकॉर्ड करत होतो. सा काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी), मागे तंबोरा, आणि त्याखाली सिंथचा, म्हणजे संगणकातल्या वाद्याचा, लांबवलेला गंधार (ग). मुलगा पक्का सुरेल, पण गंधारावर आला की डळमळायचा. तीनदा गाऊन घेतलं, तरी तेच. शेवटी त्याला बसवलं आणि नुसता तंबोरा आणि सिंथ ऐकला. चूक त्याची नव्हतीच.

काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, 69.3 हर्ट्झ, सेकंदाला तितकी कंपनं. त्याच तारेतून पाचपट कंपनांचा स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, 346.5 हर्ट्झचा. सॉफ्टवेअरमधला सिंथ मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतो, त्यामुळे त्याचा गंधार येतो 349.2 वर. फरक 2.7 हर्ट्झ, म्हणजे दोन्ही एकत्र वाजले की आवाजात सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. त्या दोन गंधारांच्या मधे बिचारा मुलगा उभा होता. हार्मोनियमवर हे आपण चालवून घेतो, कारण सूर घासून घ्यायचे तर कारागीर गाठावा लागतो. संगणकात आकडा बदलला की झालं. मग का चालवून घ्यायचं?

म्हणून शिकायला येणाऱ्यांना मी सांगतो, सॉफ्टवेअर निवडताना त्यात आवाज किती हजार आहेत ते मोजू नका. मनातली कंपनसंख्या आणि मनातली मात्रा त्यात घालता येते का, ते आधी बघा.

फक्त ठेके आणि सिंथ जुळवायचे असतील तर एलएमएमएस (LMMS) नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्याच्या 1.2 आवृत्तीत माईकवरून थेट गाणं घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. गायचं असेल तर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. 60 दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. दोन्हींत ताल बदलता येतो. उघडल्या उघडल्या समोर चार-चारचे खण दिसतात, ते सात मात्रांच्या रूपकासाठी सातचे करून घ्या, नाहीतर सम (पहिली मात्रा) दर आवर्तनात सरकलेली दिसते. कीबोर्डवर थेट वाजवणार असाल तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून मग वाजवतो तेवढे आवाजाचे नमुने, 256 ठेवा. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या सॅम्पल रेटला तो जेमतेम 6 मिलिसेकंद होतो. 1024 वर 23 होतात आणि बोट पुढे, सूर मागे असं वाटायला लागतं.

सुरांसाठी सर्ज एक्सटी नावाचा मोफत सिंथ रीपरमध्ये जोडा. तो स्काला फाइल वाचतो. ही साधी मजकुराची फाइल असते. वर वर्णन, मग स्वरांची संख्या, मग एकेका ओळीत गुणोत्तर. शुद्ध गंधाराला 5/4, पंचमाला 3/2, शेवटी तार षड्जाला 2/1. सप्तक मुळात पांढरी एकपासून मोजलं जातं, म्हणून सा काळी एकवर आणायला कीबोर्ड मॅपिंगची दुसरी छोटी फाइल लागते. ती विसरलात तर सगळंच बेसूर वाजेल.

पण माझं मन रमतं ते स्वतः काही बांधण्यात, आणि त्यासाठी प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर. मिलर पकेट यांनी 1990 च्या दशकात ते लिहिलं आणि ते मोफत आहे. इथे कोडच्या ओळी नसतात, चौकटी तारांनी जोडायच्या. कंट्रोल आणि 1 दाबलं की नवी चौकट येते. नावं अर्थात इंग्रजीतच टाइप करायची. पहिलीत सूर काढणारी ‘ऑस्क~ 346.5’ (osc~), तिच्याखाली आवाज कमी करणारी ‘*~ 0.1’, त्याखाली स्पीकरकडे नेणारी ‘डॅक~’ (dac~). मधला 0.1 गाळू नका, नाहीतर पूर्ण जोराचा आवाज थेट कानात जाईल. आता बाजूला 349.2 चा दुसरा ऑस्क तसाच जोडा आणि मीडिया मेन्यूतून डीएसपी, म्हणजे आवाज, चालू करा. ते हेलकावे एकदा ऐकले की पुन्हा विसरत नाहीत.

पुढे तंबोरा. पंचम 103.95, जोडाच्या दोन्ही तारा (मधला सा) 138.6, खर्ज 69.3. प्रत्येक तारेला एक ऑस्क ठेवलात तर शाळेच्या घंटेसारखं कोरडं वाजतं. दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे उपस्वर घाला. तार छेडल्याचा चढ-उतार ‘व्हीलाइन~’ (vline~) देतो. त्याला ‘1 20, 0 4000 20’ असा संदेश पाठवला की आवाज 20 मिलिसेकंदांत चढतो आणि चार सेकंदांत विरतो. जवारीसाठी, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या गुंजणाऱ्या झंकारासाठी, मी आठवडाभर झगडलो. शेवटी सापडलं ते असं: सगळे उपस्वर एकदम सोडायचे नाहीत. मूळ स्वराला 20, तिसऱ्याला 70, पाचव्याला 150 मिलिसेकंद चढायला दिले, आणि आवाज उमलायला लागला. खऱ्या तंबोऱ्याची सर त्याला नाही, पण गंधार खरा आहे. ऐकताना हेडफोन लावा, लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून 69 हर्ट्झ नीट निघत नाही.

साठवण्याचं आधीच ठरवा. मी एकदा महागाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. संगणक बदलल्यावर परवाना चालेना, आणि दोन वर्षांच्या चाली आत अडकल्या. तेव्हापासून काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढतो आणि ताल, लय, सा कुठला ते वहीत लिहितो. प्युअर डेटाची फाइल तर नुसता मजकूर आहे, नोटपॅडमध्येही उघडते.

त्या मुलाच्या अभंगात सिंथचा गंधार 346.5 वर आणला आणि त्याला पुन्हा उभं केलं. पहिल्याच वेळी लागला.