एसएसएचने लॉगिन होत नाहीये? आधी एरर नीट वाचा

एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधे (सर्व्हरमधे) सुरक्षितपणे शिरायची सोय, आणि त्यात पासवर्डऐवजी की, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, वापरता येते. लॉगिन अडलं की बरेच जण वैतागून सरळ फाइल्सची परमिशन ७७७ करतात (म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येईल अशी) नाहीतर पासवर्ड लॉगिन परत चालू करतात, आणि मग ते तसंच राहून जातं. प्लीज असं करू नका. १९९५ मधे हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून टाटू युलोनेनने एसएसएच लिहिलं, तेच दार आपण परत उघडं टाकायचं म्हणजे काय!

'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं तर पलीकडून उत्तरच येत नाहीये, बहुतेक वेळा फायरवॉल असतो, क्लाउडवर असाल तर तिथल्या नियमांमधे पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा पोर्ट) तुमच्या आयपीला उघडा आहे का बघा. 'रिफ्यूज्ड' असेल तर मशीन सापडलं पण त्या पोर्टवर बहुतेक कोणी ऐकत नाहीये, सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट बदललाय.

सगळ्यात जास्त छळतं ते 'परमिशन डिनाइड'. की बरोबर, युजरनेम बरोबर, सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड कीज फाइलमधे (कुठल्या कीज चालतील त्याची यादी) तुमच्या कीची ओळ पण आहे, तरी आत घेत नाही. आधी ती ओळ कॉपी-पेस्टमधे तुटून दोन झाली नाही ना ते बघा. मग होम फोल्डर बघा, त्यावर ग्रुपला किंवा इतरांना राइट (बदल करायची परवानगी) असेल तर सर्व्हर तुमची की मानतच नाही (म्हणूनच ७७७ ने उलट जास्त बिघडतं). होमवरची ती राइट काढा, डॉट एसएसएच फोल्डर ७००, त्यातली ती फाइल ६०० करा, म्हणजे दोन्ही फक्त तुमच्यापुरती. वाईट म्हणजे तुमच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही, खरं कारण सर्व्हरच्या लॉगमधे लिहिलेलं असतं, 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. तुमच्या बाजूने एसएसएच कमांडला मायनस व्ही तीनदा लावून चालवा, कुठली की पुढे केली ते तरी कळतं.

एजंटमधे (तुमच्या कीज सांभाळून पुढे करणारा प्रोग्राम) ढीगभर कीज असतील तर तो एकेक करून देत बसतो आणि सर्व्हर डीफॉल्टने ६ प्रयत्नांनंतर हाकलून देतो. तुमच्या मशीनवरच्या एसएसएच कॉन्फिगमधे त्या होस्टखाली आयडेंटिटी फाइल द्या आणि आयडेंटिटीज ओन्ली यस करा.

क्लायंट नवा आणि सर्व्हर जुना असेल तर आरएसए प्रकारची की अचानक चालेनाशी होते, कारण ओपनएसएसएच (एसएसएचचं सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर) ८.८ पासून (२०२१) शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीच्या सह्या डीफॉल्टने बंद आहेत. सर्व्हरला झेपत असेल तर ईडी२५५१९ या नव्या प्रकारची की बनवा.

होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) बदलली अशी वॉर्निंग आली तर जुनी नोंद लगेच उडवू नका. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झालाय का ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारा, त्या कीचा फिंगरप्रिंट (छोटी खूण) जुळवा, मगच उडवा.

थोडा वेळ काही टाइप केलं नाही की सेशन गोठत असेल तर तुमच्या कॉन्फिगमधे सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ६० ठेवा.

आणि पासवर्ड लॉगिन बंद करताना चालू सेशन अजिबात सोडू नका, एसएसएचडी (सर्व्हरवरची एसएसएच सर्व्हिस) मायनस टी ने सर्व्हरचं कॉन्फिग तपासा, सर्व्हिस रीलोड करा, दुसऱ्या टर्मिनलमधून कीने आत जाऊन बघा, गेलात तरच पहिलं बंद करा.