पत्त्यावरून नवी मुंबई ओळखायची असेल तर

वाशी, नेरूळ, बेलापूर असं फिरत मी सत्तावीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झालो आणि भाचीने इकडे भाड्याचं घर बघायला घेतलं. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहा पत्ते पाठवून विचारलं, "मामा, यातलं कुठलं बघू?" जिना कसा असेल, गाडी कुठे लागेल, उजेड किती, हे मी घरबसल्याच सांगितलं. तिला वाटलं मामाने सगळी घरं पाहिलीत. तसं काही नाही. इथे पत्ता ज्या पद्धतीने लिहितात त्यावरूनच कळतं की ती गल्ली कोणी आणि कधी आखली.

आधी पत्त्यात काय काय आहे ते बघा. नुसतं गावाचं नाव, टाइप, की प्लॉट नंबर? सेक्टर सगळ्यांनाच चिकटलेला असतो, त्यावर जाऊ नका.

‘घर नं. अमुक, शिरवणे गाव’ असं असेल तर ते घर गावठाणातलं. २१४ च्या शेजारी २१५ असेल ही आशा सोडा. २१४ च्या अंगणाला ३७ लागून असतो, कारण घर बांधलं तसा नंबर पडला. आळी विचारा, देऊळ विचारा, आणि मालकाच्या वडिलांचं नाव तर विचाराच. एका आळीत चार पाटील, तीन म्हात्रे. एका पाटलाची मनीऑर्डर मी दुसऱ्या पाटलाच्या दारात नेली होती. म्हातारी म्हणाली, "ती आमच्या चुलत दिराच्या पोराची, पण आलाच आहेस तर चहा पिऊन जा."

ही गावं शहराच्या आधीची. १९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर नवं शहर आखलं गेलं. जमीन घेतली, गावठाण तेवढं मधे राहिलं. म्हणून सेक्टरचा सरळसोट रस्ता वेशीपाशी आला की एकदम बारीक होतो. भाडं कमी, शेजार पक्का, पण टेम्पो आत जात नाही. कपाट न्यायचं तर चार माणसं सांगून ठेवा. घर ‘गरजेपोटी’, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय, वाढवलेलं असेल तर कागदपत्रं आधी बघा, मग पंखे मोजा.

दुसरा पत्ता ‘जेएन-२, बिल्डिंग अमुक, खोली अमुक, वाशी’ असा. इथे टाइप आधी येतो, कारण सिडकोने घरं उत्पन्नाच्या गटांप्रमाणे टाइप पाडून बांधली. तीन-चार मजले, लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांचा हिशेब याच जिन्यांवर लागला. पण दोन बिल्डिंगांत अंतर भरपूर, झाडं जुनी, वारा दोन्ही बाजूंनी. शाळा, मैदान, बाजार सेक्टरच्या आत आणि मोठा रस्ता कडेने, अशी ती आखणी. पोरांना शाळेत जाताना हमरस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागचा विचार. मुंबई आणि वाशी जोडणारा खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा आणि वाशीला लोकल आली १९९२ साली. मधल्या काळात इथली माणसं बसच्या भरवशावर राहिली. गाडी असलेला माणूस बिल्डिंगमागे एखादा, म्हणून पार्किंगचा विचारच केला गेला नाही. असं घर बघायला रात्री नऊनंतर जा, गाड्या किती आणि कुठे लागतात ते दिसेल.

आणि आत गेलात की पलंग बघा. भिंत सोडून विचित्र जागी मांडलेला असेल तर मान वर करा. वर छताचं प्लास्टर गेलेलं असतं, कधी सळ्याही दिसतात. बिल्डिंग पुनर्विकासात जाणार आहे का, हे मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा.

‘एसएस टाइप, रूम नं. अमुक, कोपरखैरणे’ हा त्याचाच धाकटा भाऊ. चिमुकल्या प्लॉटवर ओळीने बैठी घरं. आता बहुतेकांवर दोन-तीन मजले चढलेत आणि वरच्या भाडेकरूला बाहेरून लोखंडी जिना असतो. पावसात तो चढून बघा. बाकी ठीक.

‘प्लॉट नं. अमुक’ आणि पुढे बिल्डिंगचं झोकदार नाव असेल, तर पुष्कळदा तो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट असतो. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. प्लॉट लहान, त्यावर बिल्डरने होईल तेवढं बांधलेलं. खाली दुकानं, लिफ्ट आहे, पण बेडरूमची खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर. आज कांद्याची भजी आहेत की बटाट्याची, ते कळतं.

या कुठल्याच साच्यात न बसणारी एक जागा आहे, बेलापूरच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी १९८० च्या दशकात आखलेलं. सात-सात घरं आठ मीटरच्या चौकाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. का, तर ज्याला जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला विचारावं लागू नये. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मूळचं पांढऱ्या भिंतीचं, कौलारू छपराचं घर आता शोधावं लागतं. पण चौक शिल्लक आहेत. तिथे उभं राहून एक नाव हाकारलं की सात दारांतून सात माणसं डोकावायची, आणि अमका गावाला गेलाय, सोमवारी या, हे पाचजण तरी सांगायचे.

सगळ्यात शेवटी पाणी. वाशीचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून धारण तलाव केलेत. संध्याकाळी लोक फिरायला जातात तो मिनी सीशोअर त्यातलाच. भरतीला तलावाची खाडीकडची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. घर तळमजल्यावर असेल तर मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी गाठून चक्कर मारा. ते जमणार नसेल तर जिन्याखालच्या टपालपेट्या बघा. खालच्या रांगेचा पत्रा गंजून गेलेला आणि वरची रांग धड असेल, तर पाणी कुठवर येतं ते कळलं.

भाचीने टाइपमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. पेटीवर नाव मात्र अजून आधीच्या भाडेकरूचंच आहे. दोनदा सांगून झालं.