नातेवाईक कायमचे राहायला आले? घराच्या विम्यातल्या या चुका टाळा

येवल्याची मावशी नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये कायमची राहायला आली की आधार कार्डावरचा पत्ता बदलतो, औषधांचा कप्पा वाढतो. विम्याची फाइल मात्र कपाटातच राहते. घर तेच, मालक तोच, मग कळवायचं काय? पण घरातलं सामान वाढलं, माणसं वाढली, आणि क्लेम अडतो तो बहुधा इथेच.

पहिली चूक दागिन्यांची. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. इमारतीचा विमा काढला की घरसामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं संरक्षण आपोआप मिळतं. इमारत ४० लाखांची, तर सामान ८ लाखांचं. मावशीचा फ्रिज आणि दिवाण धरून तुमचं सामान त्याहून जास्त भरत असेल तर रक्कम वाढवून घ्या. तिच्या पाटल्या-गोठ मात्र या ८ लाखांत येतच नाहीत. त्यासाठी किंमत ठरवून वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

आणि ते सोनं तुमचं नाही, मावशीचं आहे. म्हणून पॉलिसीतली ‘कुटुंबा’ची व्याख्या वाचा. आपल्याकडे मावशी म्हणजे घरचीच; पॉलिसीच्या व्याख्येत ती बसेलच असं नाही. एजंट फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणाला तर त्याला तेच ईमेलवर लिहायला सांगा. कंपनी मान्य करत असेल तर पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, घ्या. नाहीतर मावशीने स्वतःच्या नावावर फक्त सामानाचा विमा काढावा. भाडेकरूही काढतात, घर नावावर असावं लागत नाही.

चोरीबद्दल तर गैरसमजच फार. ‘भारत गृह रक्षा’त चोरीची भरपाई मिळते ती आग, पूर अशा विमित घटनेनंतर ७ दिवसांच्या आत, त्या घटनेमुळे चोरी झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं, आणि त्यात घरात राहणाऱ्या माणसाचा हात असेल तर सहसा क्लेम मिळत नाही. हे बोलायला कोणालाच आवडत नाही, पण अट आहे.

मावसभावाने हॉलमध्ये विक्रीच्या पैठण्यांचा साठा केला, तर तो धंद्याचा माल, घरसामान नव्हे. २०२७ च्या सिंहस्थासाठी खोली पैसे घेऊन देणार असाल तर घराचा वापरच बदलला. दोन्ही आधी कंपनीला कळवा.

पंचवटी किंवा सराफ बाजाराच्या बाजूला तळमजला असेल, तर गोदेच्या पुरानंतर गाळ काढण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. मावशीच्या वस्तूंची बिलं शोधायची वेळ तेव्हा नसते. ती बिलं मावशी राहायला येते त्याच आठवड्यात मोबाइलमध्ये घालून ठेवावीत.

क्लेम नाकारलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील नाही. मुदत मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्ष.

आणि येवल्यातलं मावशीचं घर? त्याचाही विमा असेल तर अटी बघा. घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला कळवा, असं अनेक पॉलिसींत लिहिलेलं असतं.