बारावीनंतर वर्षभर सेवा करायला निघालात? आधी या चुका टाळा

मे महिन्यात निकाल लागला की कोल्हापुरात बरीच पोरं "एक वर्ष सामाजिक काम करतो" म्हणत बॅग भरतात. भरा की. पण चुकीच्या संस्थेत गेल्यामुळे वर्ष वाया गेलं असं फार क्वचित होतं. बहुतेकांचं जातं ते कागदांपायी.

नेहमीचा किस्सा असा. करवीर तालुक्यातला मुलगा, सीईटी पुन्हा देण्यासाठी वर्ष घेतलेलं. परीक्षा झाली आणि निकाल लागेपर्यंत गडचिरोलीकडच्या प्रकल्पावर परत गेला. कॅप फेरी (प्रवेशाची केंद्रीय फेरी) सुरू झाली तेव्हा लॉगिनचा ओटीपी येणार त्याच्याच नंबरवर, आणि तिथं रेंज नाही. वडील इकडं सेतू केंद्रात बसून फोन लावतायत. तो लागला तेव्हा कळलं की आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपलीय. नवीन दाखला हातात येईपर्यंत कागदपत्रं तपासणीची तारीख गेली आणि पोरगं खुल्या गटात गेलं.

म्हणून नोंदणीला जो माणूस वर्षभर घरी आहे त्याचाच नंबर द्या. मूळ कागद घरीच ठेवा. सोबत झेरॉक्सचे दोन संच न्या, आणि पीडीएफ स्वतःच्या फोनमध्ये व बहीण-भावाच्या फोनमध्येही ठेवा. जात वैधता हातात नसेल तर आधी त्याच्या मागे लागा, जायचं नंतर बघू.

याच्या शेजारची चूक म्हणजे "सेफ राहू दे" म्हणून कुठल्यातरी कॉलेजात बी.ए.ला नाव घालून ठेवणं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथं अडकतो. पुढच्या वर्षी प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्यात "या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता" असं लिहावं लागतं, आणि ते खोटं ठरतं. एजंट सांगतो, काय होत नाही. ऐकू नका. हे प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळीच करा. जूनमध्ये करून ठेवलेल्या कागदात पुढचं वर्ष येत नाही.

आयआयटीचा विचार असेल तर एकच वर्ष घ्या. जेईई ॲडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी आणि त्याच्या लगेच पुढच्या वर्षी, एवढीच देता येते.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे रील. बालगृहात पहिल्याच दिवशी मुलांना मांडीवर घेऊन फोटो, संध्याकाळी स्टेटस. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहऱ्यावर इमोजी चिकटवून भागत नाही, कारण संस्थेचं नाव आणि गणवेशावरूनही मूल ओळखता येतं. मुलांसोबत असताना फोन ऑफिसच्या कपाटात ठेवायचा, एवढी सवय पुरे.

पुराचं वेगळं सांगावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी चढलं की मदतीला निघालेल्या पोरांच्या दुचाक्या पूरग्रस्त शिरोळच्या दिशेनं सुटतात. पोहता येतं म्हणजे पुरातून माणूस काढता येतो असं नाही. त्यासाठी 18 ते 40 वयाच्यांना आपदा मित्र योजनेत 12 दिवसांचं प्रशिक्षण असतं. ते नसेल तर पाणी ओसरल्यावर जा, खरं काम तेव्हाच असतं. चिखल उपसायला गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं. लेप्टोच्या (पुराच्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारा, ताप आल्यावर नाही. आणि जुने कपडे गोळा करू नका. 2019 ला त्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले.

बारीकसारीक बाकी: एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) प्रमाणपत्र कॉलेजात नाव असेल तरच मिळतं. अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतीपत्र लागतं, आणि कित्येक संस्था तरीही घेत नाहीत. संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक मागा. अनामत मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. "महिनाभर बघतो, रमलो तर राहतो" असं सांगू नका, पहिला महिना तुम्हाला शिकवण्यातच जातो. निदान सहा महिने, आणि तारखा लिहून.

शेवटी पत्र. "उत्कृष्ट कार्य केले" एवढंच लिहिलं असेल तर ते कोण वाचत नाही. कधीपासून कधीपर्यंत, किती तास, कोणतं काम, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. त्यासाठी वहीत रोजची नोंद ठेवा आणि दर महिन्याला सही घेत चला. वर्ष संपेपर्यंत तिथला समन्वयक बदललेला असतो.