अमेरिकेत डावीकडे स्टिअरिंग: या चुका टाळा

पुण्या-मुंबईत दहा-पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूस अमेरिकेत उतरतो आणि जाहीर करतो, "त्यात काय, सगळं उलटं समजायचं." गोम तिथेच आहे. सगळं उलटं नसतं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर होते त्याच क्रमाने, त्याच उजव्या पायाखाली असतात. बदलते ती तुमची गाडीतली जागा (उजवीऐवजी डावीकडे) आणि गाडीची रस्त्यावरची बाजू (डावीऐवजी उजवी).

गाडी उजवीकडे घसरत जाणं. नव्वद टक्के आत्मविश्वास इथेच उतरतो. सहा फूट रुंदीच्या गाडीत चालक मधोमध बसत नाही, साधारण दीड फूट बाजूला बसतो. भारतात तो लेनच्या उजव्या अंगाला असतो आणि डोळ्यांना रस्ता तिथूनच बघायची सवय झालेली असते. अमेरिकेत डावीकडे बसूनही तो नकळत स्वतःला लेनच्या त्याच उजव्या अंगाला नेऊन ठेवतो. इकडचे दीड, तिकडचे दीड, असे तीन फूट गाडी उजवीकडे सरकते. हायवेची लेन बारा फुटांची, म्हणजे गाडी मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूटच मोकळे. उजवी चाकं थेट पांढऱ्या रेघेवर! गावातल्या अरुंद रस्त्यावर कडेला गाड्या लावलेल्या असल्या की आरसा गेलाच म्हणायचा. शेजारी बसलेली व्यक्ती वरचं हँडल धरून गप्प झाली असेल, तर ती उगीच घाबरलेली नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये जा. दोन रेघांच्या मधोमध अंदाजाने गाडी लावा, खाली उतरा आणि दोन्ही बाजूंचं अंतर पावलांनी मोजा. पुन्हा काढा, पुन्हा लावा. आठ-दहा वेळा केलं की उजवी बाजू कुठे संपते ते कळायला लागतं. रस्त्यावर नजर बॉनेटच्या टोकावर नको, लांब हवी. चाकाखाली खडखडाट झाला तर स्टिअरिंग डावीकडे हिसकू नका, हळूच आत या.

रिकाम्या रस्त्यावरचा डावा टर्न. गर्दीत कुणी चुकत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती रविवारी सकाळी पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. दृश्य ठरलेलं असतं. एका हातात कॉफी, डावीकडे जायचंय. सवयीने आधी उजवीकडे बघितलं, कुणी नाही. मग भारतातल्यासारखा डावा टर्न जवळून कापला, आणि गाडी समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये. समोर कुणी नाही, त्यामुळे हॉर्नही नाही. पाव मैल सगळं छान. मग लक्षात येतं की पाट्यांच्या नुसत्या मागच्या बाजू दिसताहेत, पिवळी रेघ उजव्या हाताला आहे आणि लांबून दोन हेडलाइट येताहेत.

अशा वेळी घाईघाईत यू-टर्न मारू नका. वेग उतरवा, हॅझर्ड लाइट लावा आणि जो पहिला ड्राइव्हवे दिसेल त्यात शिरा. मुळात चूक होऊ नये म्हणून दोन गोष्टी पुरतात. एक, प्रत्येक टर्नच्या आधी मोठ्याने म्हणा: "डावं लांब, उजवं जवळ." गाडीतली मुलं हसतील, हसू द्या. दुसरी, पिवळी रेघ नेहमी तुमच्या डाव्या खांद्याला हवी. एकेरी रस्त्यावरही डावी कड पिवळी आणि उजवी पांढरी असते. डॅशबोर्डवर 'उजवीकडून चालवा' अशी चिठ्ठी चिकटवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. दोन दिवसांनी ती दिसेनाशी होते.

बाहेर पडताना आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. सगळ्यात जवळून येणारी गाडी डावीकडून येते.

गोल हिरवा दिवा म्हणजे आपलंच राज्य, हा समज. आपल्याकडे बऱ्याच चौकांत एका वेळी एकच बाजू सुटते. इथे समोरच्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो. डावीकडे वळायचं तर आधी त्यांना जाऊ द्यायचं. हिरवा बाण असेल तरच हक्क तुमचा.

'फ्री लेफ्ट'चं उजवं भाषांतर. लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, पण चाकं पूर्ण थांबवून, आणि मनाई करणारी पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात उलट: परवानगीची पाटी असेल तरच.

डावा पाय. ऑटोमॅटिकमध्ये तो क्लच शोधत खाली जातो आणि रुंद ब्रेकवर दाबून बसतो. मागचा येऊन ठोकतो. पाय सीटच्या दिशेला मागे ओढून ठेवा.

इंडिकेटरऐवजी वायपर. इंडिकेटरची दांडी अमेरिकेत स्टिअरिंगच्या डावीकडे असते, आपल्या मारुती-ह्युंदाईत उजवीकडे. त्यामुळे मारुती-ह्युंदाईवाल्यांचा हा हमखास विनोद; स्कोडात ती डावीकडेच असते, म्हणून स्कोडावाल्यांना त्रास नाही. आठवडाभरात जातो.

आरसे. अमेरिकेत चालकाकडचा आरसा सपाट असतो, उजवा बहिर्वक्र. डावीकडे त्यामुळे कमी दिसतं आणि उजवीकडची गाडी वाटते त्यापेक्षा जवळ असते. लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून बघाच. आणि लांबच्या विमानप्रवासानंतर विमानतळावरच भाड्याची गाडी घेऊन निघण्याची हौस असेल, तर ती दुसऱ्या दिवसावर ढकला.