अदनान सय्यद दोषी की निर्दोष? वाद घालण्याआधी

आधी दोन प्रश्न वेगळे करा: हे मिन ली या मुलीचा खून अदनानने केला का, आणि ते न्यायालयात निःसंशय सिद्ध झालं का? मी दुसऱ्यापासून सुरुवात करते. १९९९मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला हे मिन लीचा खून झाला, तेव्हा तिचा माजी प्रियकर अदनान १७ वर्षांचा होता; या खुनासाठी पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. ‘चेहरा तर निष्पाप वाटतो’ असं कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवते.

मग पुरावा. मोबाइल टॉवरच्या नोंदींवर सरकारी पक्षाची बरीच भिस्त होती. पण आलेल्या कॉलवरून ठिकाण खात्रीने ठरत नाही, असं फोन कंपनीच्याच फॅक्सवर छापलेलं होतं. उलट, सरकारी पक्षाच्या मुख्य साक्षीदाराने हे मिन लीची गाडी कुठे आहे ते पोलिसांना दाखवलं. ही गोष्ट टाळून अदनानला निर्दोष म्हणू नका.

२०२५मध्ये अदनानची शिक्षा कमी झाली, दोषसिद्धी मात्र कायम आहे. आणि बोलताना हे मिन लीचं नाव घ्या, नुसतं ‘ती मुलगी’ नको.